पार्बताबाईची टोपीवाली

गुरांच्या दवाखान्यात पंचवीस-तीस वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. खुंटीवर टांगलेल्या पिशवीत दोऱ्या, टाचण्या, रिकाम्या शिश्या साठतात तसे. मग कुणाच्या लग्नात किंवा रिटायरमेंटच्या जेवणात खात्यातले चार लोक भेटले की पिशवी उलटी होते. कोणी विहिरीत पडलेल्या म्हशीचा सांगतो, कोणी गोठ्यात शिरलेल्या बिबट्याचा. प्रत्येकाच्या किस्स्यात सांगणाराच हिरो असतो.

माझी अडचण तिथेच आहे. माझ्या पिशवीतून जे पडतं त्यात मी हिरो नाही. म्हणून आजवर अशा जेवणात मी जिलेबी वाढायचं काम घेत आलो. आज सांगतो, कारण आता रिटायर व्हायला फार दिवस उरलेले नाहीत, आणि मनात ठेवून ठेवून या गोष्टी शिळ्या होत नाहीत, उलट जास्त टोचतात.

मी पशुधन पर्यवेक्षक. डॉक्टर नाही. पण खांद्याला लसीचा थर्मास दिसला की गावात डॉक्टरच म्हणतात, आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही. घर कारध्याला, वैनगंगेच्या काठी. नोकरी पवनीकडे, आसगावच्या जरा अलीकडे एका गावात. त्या गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं मला अजून चहा देतात, आणि तो चहा पिताना मी अजून बशीकडेच बघतो.

बिबट्या-बिबट्या काही नाही. घरी पाळायला कोंबडीची कोणती जात चांगली, एवढंच मला लोकांना सांगायचं होतं.

*

नव्याने बदलून आलो तेव्हाची गोष्ट. गावच्या समाजमंदिरात मी बायकांची सभा घेतली. माझ्याकडे एक रंगीत चार्ट होता. त्यावर सहा जातींच्या कोंबड्या, प्रत्येकीखाली ती अंडी किती देते, वजन किती भरते. चार्ट धरून उभा होता डोमाजी, आमच्या दवाखान्याचा परिचर. माणूस माझ्यापेक्षा वयाने मोठा, बोलणं कमी, आणि जे बोलेल ते नेमकं दुखेल तिथे.

मी छडी घेऊन पाऊण तास बोललो. गावठी कोंबडी ठेवणं म्हणजे कसं नुकसान, पांढरी का घ्यावी, तांबडी का घ्यावी, कडकनाथ का घ्यावा. बोलून झालं आणि विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?"

मागे बसलेल्या एका बाईंनी हात वर केला. साठीच्या असतील. अंगाने काटक. डोमाजीने मला नंतर सांगितलं की ह्या पार्बताबाई, आणि धानाच्या रोवणीला, म्हणजे लावणीला, गावात सगळ्यात सरळ रांग यांची.

"डाक्टरसाहेब," त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी कोनती आहे जी?"

"आमच्याकडे... नाही."

"एकबी नाही?"

"नाही."

 मग चार्टच्या मागून डोमाजीचा आवाज आला, "साहेबाईच्या घरी चार्ट आहे."

सगळ्या बाया हसल्या. मीही हसलो, पण कान तापले होते.

संध्याकाळी गाडीला किक मारत होतो तर पार्बताबाई समोर. हातात डालगं, डालग्यात कोंबडी. लहानखुरी, ठिपक्याठिपक्यांची, आणि डोक्यावर पिसांचा झुबका, टोपी घातल्यासारखा.

"हे माह्या मायच्या घरची जात आहे," त्या म्हणाल्या. "लग्नात मायनं देल्ली. नाकाडोंगरीहून डालग्यात घालून आनली, तवापासून आहे. हे दोनदा अंड्याईवर बसली. पिल्लाईले अशी पाहते का घारीची हिंमत नाही. न्या तुमी. घरी कोंबडी असली म्हंजे लोकाईले सांगाले बरं पडते."

मग कोंबडी उलटी धरून तिचा डावा पाय मला दाखवला. मधल्या बोटाचं नख कापलेलं होतं. "हे आमच्या मायच्या घरची खूण. कोंबडी कोनाच्या घरी गेली तरी वळखू येते."

मी नको म्हणालो. दोनदा म्हणालो, तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

*

कारध्याला आमच्या घरी कोंबडी ठेवायला खुराडं नव्हतं. मागच्या अंगणात पायाला दोरी बांधून ठेवली. माझी बायको वंदना म्हणाली, "हिला पाहणार कोण? तुम्ही सकाळी जाता ते अंधार पडल्यावर येता." तीन दिवस तिने पाहिलं. चौथ्या दिवशी कोंबडी दोरीसकट धुतलेल्या कपड्यांवरून फिरून आली.

रविवारी मेहुणा न सांगता जेवायला आला.

पुढचं सांगायला फार शब्द लागत नाहीत. वंदना कुकरपाशी उभी राहून "शिजतच नाही बाई" म्हणत होती, आणि मेहुणा पाटावर बसून "गावठी आहे, वेळ लागणारच" म्हणत होता. शेवटी शिजली. चवीला फार चांगली होती. मी दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला, हे मला अजून आठवतं, आणि आठवलं की तोंडाची चव जाते.

मंगळवारी गावात गेलो. पार्बताबाई पिंपळाखाली उभ्या.

"कशी आहे जी आमची टोपीवाली?"

खरं सांगायला तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मेहुणा आला, चूक झाली, माफ करा. ते वाक्य जिभेवर होतं. बाहेर पडलं ते दुसरंच.

"छान आहे."

"खाते का?"

"खाते."

"बसते का?"

"बसायच्या बेतात आहे."

बाईंचा चेहरा असा उजळला की पुढच्या महिन्यात मला तिला बसवावंच लागलं. त्याच्या पुढच्या महिन्यात अकरा पिल्लं निघाली. त्यातली दोन मांजराने नेली, कारण सगळीच जगली म्हटलं तर खोटं वाटलं असतं. पार्बताबाईंनी ही बातमी गावभर केली. पाणी भरणाऱ्या बाया मला थांबवून विचारायच्या, "पिल्लं मोठी झाली का जी?" आणि मी नसलेल्या पिल्लांचे रंग सांगायचो.

असं वर्षभर चाललं. एक दिवस थर्मास पुसता पुसता डोमाजी म्हणाला, "साहेब, तुमच्याइथं आता जागा पुरत नसन."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा घासलेल्या ताटासारखा स्वच्छ होता. तो त्यावर पुन्हा कधी काही बोलला नाही.

*

डोमाजी बोलला नाही, कारण त्याचं स्वतःचं दुखणं वेगळं होतं. सभेनंतर माझं ऐकून पहिली कोंबडी घेणारा माणूस तोच.

त्याने चार्टवर सगळ्यात जास्त अंडी देणारी जात निवडली. पांढरीशुभ्र. दहा घेतल्या. त्याचं घर गावाबाहेर, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीला लागून. चहूकडे हिरवं धान आणि मधे दहा पांढऱ्या कोंबड्या. घारींना शोधायचीही गरज पडली नाही. पंधरा दिवसांत सहा नेल्या.

"साहेब," डोमाजी मला म्हणाला, "घारीलेबी तुमचा चार्ट दिसला वाटते."

उरलेल्या चार वाचवायला त्याच्या बायकोने तोड काढली. भिंतीला लावायचा गेरू कालवला आणि चारही कोंबड्या रंगवून काढल्या. मातीत फिरल्या की दिसेनात. घार फिरकली नाही.

आणि नेमके त्याच आठवड्यात भंडाऱ्याहून आमचे वरचे साहेब पाहणीला आले. "लाभार्थी दाखवा" म्हणाले. जवळचा लाभार्थी डोमाजीच. साहेब बोडीवर पोचले, चार तांबूस कोंबड्या पाहून खुश झाले.

"ही कोणती जात?"

कागदावर मी पांढरी लिहिली होती. आता काय सांगू? "सुधारित तांबडी, सर," मी म्हणालो.

साहेबांना कोंबडीची माहिती होती, हेच वाईट झालं. त्यांनी एक उचलली, छातीचं हाड चाचपलं, पंख उघडून पाहिले, आणि खाली ठेवली. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही तळवे लाल.

"या जातीचा रंग जातो का?"

मी जमिनीकडे पाहत होतो. डोमाजी पुढे झाला.

"पयल्या धुन्यात थोडा जाते, साहेब."

*

गावात मुरलीभाऊ म्हणून एक जण आहेत, धानाचा बारीकसारीक व्यापार करतात. त्यांना लोकांपेक्षा वेगळं काहीतरी हवं असतं. ते दवाखान्यात आले आणि म्हणाले, "साहेब, अशी जात सांगा का गावात कोनापाशी नाही."

मी कडकनाथ सांगितला. काळी कोंबडी, काळं मांस, काळी हाडं. ताकदीला चांगली, नाव मोठं. मुरलीभाऊंनी आठ आणल्या आणि दोन वर्षं त्यांना अंगणात फिरवून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं. मारून कधी खाल्ली नाही. त्यामुळे रस्सा दिसतो कसा हे त्यांच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं.

मुलीला पाहायला तुमसरकडचे पाहुणे येणार होते. मुलगी पाहून झाली की जेवण. मुरलीभाऊंनी ठरवलं, पाहुण्यांना कडकनाथ वाढायचा. मलाही बोलावलं, म्हणजे जातीबद्दल दोन शब्द सांगता येतील.

ताटं आली. मुलाच्या वडिलांनी ताटातला काळाभोर तुकडा पाहिला. बोटाने उलटा केला. दुसऱ्या बाजूनेही काळाच.

"करपलं का जी?" त्यांनी हळूच विचारलं.

मी समजावून सांगितलं. फार समजावलं. लोह, ताकद, जंगलातली जात. मी बोलत होतो आणि पाच पाहुणे हातात काळी तंगडी धरून ऐकत होते. एकानेही घास घेतला नाही. आतून मुरलीभाऊंच्या बायकोचा आवाज आला, "मीनं आधीच म्हनलं होतं, हे कोळसा शिजवून राहिली मी." शेवटी पाहुण्यांनी लोणच्याशी भात खाल्ला. त्या पोरीच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

सोयरीक जमली, देवाची कृपा. दुसऱ्या दिवशी मुलाच्या वडिलांचा फोन आला. पोरगी पसंत आहे, सगळं पसंत आहे. अट एकच, लग्नाचं जेवण ते सांगतील आणि डॉक्टर लग्नात जेवायला आले तरी चालतील, बोलायला नकोत.

*

इथवर हसण्यासारखं होतं. यापुढचं सांगताना मला जरा थांबावं लागतं.

खात्याची एक मोहीम आली. गावठी कोंबडा द्या आणि सुधारित कोंबडा न्या. गावातले सगळे गावठी कोंबडे निघाले की पुढची पिल्लं वजनदार, अंडी जास्त. अट अशी की गावात एकही गावठी कोंबडा राहता कामा नये. मी घरोघर फिरलो. महिनाभरात सगळे निघाले. एक सोडून.

पार्बताबाई देईनात.

सभेत मी त्यांना उभं केलं. "मावशी, तुमची कोंबडी वर्षभरात अंडी देते किती? बोटांवर मोजण्याएवढी. बाकीचे दिवस काय करते?"

"बसते जी."

"नुसती बसते," मी सगळ्यांकडे वळून म्हणालो, "आणि आपण तिला दाणे टाकायचे."

लोक हसले. पार्बताबाई म्हणाल्या, "बसते म्हनून तं ठेवली, साहेब." पण तोवर हसणं इतकं वाढलं होतं की ते कोणी ऐकलं नाही. मी ऐकलं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

त्या गावात एक रीत होती. ज्या घरी अंडी आहेत पण बसणारी कोंबडी नाही, ती बाई पार्बताबाईंकडून टोपीवाली बसायला न्यायची. एकवीस दिवसांनी पिल्लं निघायची, जरा मोठी झाली की कोंबडी परत, आणि सोबत एक पिल्लू. कोणी लिहून ठेवत नव्हतं, कोणी बुडवत नव्हतं. अर्धं गाव त्या टोपीवाल्यांच्या पंखाखालून निघालेलं होतं. मला हे माहीत होतं.

मी त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर बसलो, चहा घेतला, गोड बोललो. तुमच्या एकट्यामुळे गावाचं काम अडलंय म्हणालो. त्यांच्या सुनेसमोर म्हणालो, म्हणजे घरातूनही दाब येईल. बाईंनी कोंबड्यापुढे मूठभर दाणे टाकले.

"जात मरन ना जी, साहेब. मायच्या घरची आहे."

आणि मी म्हणालो, "जात मरते कशी? माझ्याकडे आहे ना तुमची टोपीवाली. तिची पिल्लं आहेत. कधी लागली तर माझ्याकडून न्या."

हे मी म्हणालो. हसत म्हणालो.

पार्बताबाईंनी उठून कोंबडा धरला आणि माझ्या हातात दिला. "तुमी शिकले आहा. चुकत नसान," त्या म्हणाल्या.

मोहीम शंभर टक्के झाली. मला शाल मिळाली. ती वंदनाने कपाटात ठेवली आहे, मी अजून पांघरलेली नाही.

*

तीनेक वर्षं गाव खुश होतं. कोंबड्या मोठ्या, अंडी मोठी. जुन्या टोपीवाल्या एकेक करत संपल्या. काही म्हाताऱ्या होऊन गेल्या, काही मुंगसाने नेल्या.

मग एका सकाळी सात-आठ बाया दवाखान्यात आल्या. पुढे मुरलीभाऊंची बायको.

"डाक्टरसाहेब, बसाचं इंजेक्शन द्या."

"कशाचं?"

"कोंबड्या बसूनच नाही राहिल्या जी. अंडं देते नं निघून जाते, मागं वळूनबी पाहत नाही. पिल्लं काढाचे कसे?"

माझ्याकडच्या माहितीपुस्तकात एक ओळ होती. 'या जातीच्या कोंबड्या सहसा अंड्यांवर बसत नाहीत.' ती ओळ मी सभेत वाचली नव्हती. विसरलो नव्हतो. ती वाचली असती तर कोणी कोंबडा बदलला नसता, हे मला ठाऊक होतं.

असं इंजेक्शन नसतं, हे सांगायलाही मला लाज वाटली. म्हणून मी दवाखान्यातच थर्माकोलचा डबा घेतला, आत बल्ब लावला, पाण्याची वाटी ठेवली आणि गावातली तीस अंडी मांडली. रोज तीनदा हाताने फिरवायचो. दर दुपारी लाइट जायची. मग डोमाजी आणि मी डब्यावर घोंगडी घालून बसायचो.

तिसातून दोन पिल्लं निघाली. डोळे उघडल्यावर समोर आई म्हणून मी. ती दोन्ही माझ्या बुटांमागे फिरायला लागली. बैलाला सुई टोचायला उभा राहिलो की पायांत पिल्लं. ग्रामपंचायतीत गेलो की मागून चिवचिव. पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहून बघायची.

डोमाजी एकदा त्या वरातीकडे बराच वेळ पाहत राहिला. "डब्याची गरजच नव्हती," तो म्हणाला. "साहेब, तुमीच बसाले पायजे होतं."

*

त्याच आठवड्यात पार्बताबाई आल्या. हातात तेच जुनं डालगं, रिकामं.

मी खुर्चीवरून उठलो.

"साहेब, बायाईनं लय गोंधळ केला म्हंते इथं," त्या म्हणाल्या. "मीनं सांगतलं त्याईले, कायले घाबरता? आपली जात साहेबाच्या घरी आहे. साहेबानं शब्द देल्ला." आणि डालगं टेबलावर ठेवलं. "एक बसनारी द्या. जास्त नोको. एका कोंबडीवर मी पुन्हा समदं गाव उभं करतो."

डोमाजी खिडकीतून बाहेर बघायला लागला.

आताही एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "आणतो. आठ दिवस द्या."

त्या गेल्यावर मी डोमाजीला म्हटलं, "काय करू?" तो म्हणाला, "मले कायले विचारता? मी तं तुमचं आयकून पांढऱ्या घेनाराच आहो."

रात्री वंदनाला सगळं सांगितलं. अकरा पिल्लांसकट. ती म्हणाली, "ती कोंबडी तुम्ही त्यांना विचारून कापली, असं मला वाटत होतं." मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी रजा टाकली आणि गाडी काढून नाकाडोंगरीला गेलो. पार्बताबाईंच्या माहेरी त्यांचा भाऊ आहे, एवढं माहीत होतं. घर सापडलं. अंगणात पाऊल टाकलं. दहा-बारा टोप्या दाणे टिपत फिरत होत्या.

"बसणारी एक पाहिजे होती," मी म्हणालो.

"विकत नाही जी आमी," भाऊ म्हणाला. "बसाले नेत असान तं न्या. कोनतं गाव?"

"कारधा."

त्याने गाडीला लटकलेल्या थर्मासकडे पाहिलं. "तुमी डाक्टर आहा का?"

"नाही," मी म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी हे खरं बोललो, तेही खोटं झाकायला.

त्याने नुकतीच बसायला लागलेली एक कोंबडी दिली. खाली धानाच्या तणसात गुंडाळून बारा अंडी दिली. शंभरेक किलोमीटर मी सायकलच्या वेगाने गाडी चालवली आणि सरळ पार्बताबाईंच्या ओट्यावर जाऊन डालगं ठेवलं.

"ही तुमच्या टोपीवालीच्या नातीची पोर," मी म्हणालो. "अंडीपण आमच्याच घरची."

बाईंनी कोंबडी छातीशी धरली. डोळे पाणावले त्यांचे. टोपीवरून हात फिरवला, पंखाखाली हात घातला, मग सवयीने डावा पाय हातात घेतला. मधल्या बोटावर अंगठा गेला आणि तिथेच थांबला.

नख कापलेलं होतं. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी नख कोन कापते जी?"

"वंदना," मी म्हणालो.

"चांगलं कापते," त्या म्हणाल्या, आणि कोंबडी घेऊन आत गेल्या.

*

बारातून दहा पिल्लं निघाली. गावातल्या बायांनी पाळ्या लावून ठेवल्या, पुढची टोपीवाली कोण नेणार. मी त्या ओट्यासमोरून गाडी जरा जोरात काढायचो.

धान कापणीला यायच्या सुमारास एक रविवार होता. मी अंगणात खाटेवर बसलो होतो. आमच्या घरासमोर ऑटो थांबला आणि त्यातून पार्बताबाई उतरल्या. हातात डालगं, वर फडकं बांधलेलं. इतक्या वर्षांत त्या आमच्या घरी पहिल्यांदाच येत होत्या.

मी उठलो तो कुठे बघू हे कळेना. आमचं मागचं अंगण बाजूच्या बोळातून समोरूनच दिसतं. तिथे तुळस आहे, वंदनाची स्कूटर आहे, कपडे वाळत घालायची तार आहे. खुराडं नाही. एक पीस नाही. पार्बताबाईंनी तिकडे एकदा पाहिलं. एकदाच.

वंदनाने पाणी दिलं, चहा ठेवला. बाई ओट्यावर मांडी घालून बसल्या आणि फडकं सोडलं. आत एक तलंग होती, अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी. डोक्यावर टोपी फुटत होती.

"बसाले नेली का कोंबडी वापस करा लागते, नं एक पिल्लू द्या लागते," त्या म्हणाल्या. "कोंबडी मी नाकाडोंगरीले भावाच्या घरी पोचवून आली. हे पिल्लू तुमचं."

 "मावशी," मी म्हणालो, "ती पहिली..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. चहाचा कप वंदनाच्या हातून घेतला, तिला बाजूला बसवलं, आणि लेकीशी बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "ते पयली मीनं जराशी जून देल्ली होती, बाई. शिजाले लय टाइम लागला असन, नाही?"

वंदनाने माझ्याकडे पाहिलं. मग तलंगीकडे पाहिलं.

"आठ शिट्ट्या, मावशी."